समोर ठेवलेला वाटा

त्या शनिवारी सेमिसीच्या पदरात काय काय पडणार होतं ते आधी सांगते. सगळ्यांत मोठं म्हणजे नाव. हाउतावा हे नाव त्याच्या बापाचं. बाप गेला आणि नाव चुलत घरात जाऊन बसलं, ते बावीस वर्षं. आता तिथला शेवटचा धनी निपुत्रिक वारला आणि सरदाराने सेमिसीकडे निरोप धाडला, की बापाचं नाव घेऊन जा. हाउतावा म्हणजे सरदाराचं तोंड. लग्नात, मयतात, चर्चच्या वर्गणीत सरदार नुसता बसून असतो. बोलायचं ते हाउतावाने. नावाबरोबर मानकऱ्यांच्या रिंगणात सरदाराच्या उजवीकडची दुसरी जागा, समुद्राकडची नारळींची एक पट्टी, आणि त्याला आजवर "काय रे सेमिसी" म्हणणाऱ्या अर्ध्या गावाची खाली गेलेली मान. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या नावावर एक होडी आणि मधुमेह एवढंच असेल, तर हा सौदा वाईट नव्हता.

माझं दुकान चर्चच्या वळणावर आहे. जाळीच्या खिडकीमागे बसून एकवीस वर्षं मी लोकांची तोंडं हलताना बघते आहे. आमच्या हापाई बेटांवर चिप्सचा पुडा वरून फोडत नाहीत. पाठीच्या शिवणीवरून उभा चिरतात, पसरून त्याचं ताट करतात आणि मधोमध ठेवतात. मग तो विकत कुणी घेतला हे विचारायचं नसतं. कुणाला एकट्यालाच खायचं असेल तर तो लहान पुडा घेतो, कमरेला नेसलेल्या चटईत खोचतो आणि कुंपणामागे जातो. येताना ओठ पुसून, छातीवरचे कण झटकून येतो, आणि मी काही पाहिलेलं नसतं. पोरं कोरडे नूडल्स पुड्यातच बुक्क्या मारून चुरतात, मसाला टाकून हलवतात, आणि पहिली मूठ शेजारच्याच्या हातावर ठेवतात. वळणापलीकडचा चिनी दुकानदार दिवसभर सूर्यफुलाच्या बिया एकटाच सोलत बसतो. त्याला आम्ही माफ केलंय, त्याचं इथे कुणी नाही.

नर्स जिलला माफ करायला जरा वेळ लागला. ती ऑस्ट्रेलियातून दोन वर्षांसाठी आमच्या दवाखान्यात आली होती. दुपारी माझ्या पायरीवर बसायची, पुडा वरून फोडायची, आठ-दहा चिप्स खायची, तोंड दुमडून त्याला कपड्यांचा चिमटा लावायची आणि पुडा पिशवीत टाकायची. समोर दहा माणसं बसलेली.

"चिमटा कशाला गं लावते ती?" सेमिसीची थोरली बहीण वाइमोआना मला विचारायची. "मुंग्यांसाठी, की आपल्यासाठी?"

"कुरकुरीत राहतात म्हणे."

"चार माणसांत ठेवला असता तर मऊ पडायला उरला असता का?"

पण बाई कामाची पक्की होती. सेमिसीच्या पायाची जखम सडत चालली होती ती तिने बरी केली, आणि त्याला रोज सकाळी पोटात इन्सुलिन टोचून घ्यायला शिकवलं. नियम दोनच. सुई टोचली की अर्ध्या तासात पोटभर खायचं. आणि घाम फुटला, हात थरथरले, की लगेच तोंडात गोड टाकायचं. त्यासाठी लिमलेटच्या गोळ्या कायम कमरेला.

गोळ्या तो माझ्याकडूनच न्यायचा, आठवड्याला एक पुडी. खिडकीपासून त्याच्या घरापर्यंत एकशेवीस पावलं आहेत. पुडी कधी साठाव्या पावलापलीकडे गेलेली मी पाहिली नाही. चर्चचा माळी, विहिरीवरच्या बाया, शाळेतून सुटलेली पोरं. कमरेत गोळ्या वाजताहेत आणि समोर माणूस उभा आहे, म्हटल्यावर हात आपोआप जातो.

"अरे, तुझं औषध आहे ते," मी एकदा म्हटलं.

"वहिनी, औषध म्हणून मागतं का कुणी? गोळी म्हणून बघतात. नाही कसं म्हणू?"

जिल दर सोमवारी विचारायची, "गोळ्या आहेत ना?" तो खरं सांगायचा, "संपल्या." जिल चिडायची. तिला वाटायचं, हा गडी मजेसाठी चघळत बसतो.

समारंभाच्या दोन दिवस आधी दोघं माझ्या खिडकीशीच भेटली. मी अकरा वर्षं ऑकलंडच्या हॉटेलांत खोल्या झाडल्या, त्यामुळे गावातलं इंग्रजी माझ्याकडे असतं. जिल म्हणाली, "शनिवारी किती वेळ बसणार हा?"

मी विचारलं. सेमिसी म्हणाला, "तीन तास तर धर. सरदाराच्या मर्जीवर आहे."

"मध्ये उठता येईल?"

सेमिसी हसला. "तिला सांग, उठलो तर नाव तिथेच राहील आणि मी एकटाच घरी येईन."

"मग विचार त्याला, बसल्या जागी समोर खायला असेल का?"

"असेल का म्हणजे?" सेमिसीने छाती फुगवली. "सरदार सोडला तर माझ्याइतकं कुणासमोर नसेल. डुकराचा तुकडा, कोनफळ, आणि वहिनींच्या दुकानातली आल्याची बिस्किटं न् मूठभर गोळ्या. सगळं माझ्या गुडघ्याला लागून."

मी शब्द न् शब्द सांगितला. जिलने वहीत खूण केली, त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि गेली.

आता काव्ह्याच्या, म्हणजे मुळ्यांच्या गुंगी आणणाऱ्या पेयाच्या, रिंगणात समोर ठेवलेल्या वाट्याचं काय होतं, हे आमचं शेंबडं पोर सांगेल. मुळ्या कुटून काव्हा पिळला जात असतो तेव्हा प्रत्येकासमोर वाटा ठेवतात, आणि त्याच्याहून वरच्या नात्याचं माणूस मागून येऊन तो उचलून नेतं. मामाचा वाटा बहिणीच्या लेकराचा. मामाने त्याला बोट लावायचं नसतं. लावलं तर त्याला वरचं कुणी नाही, असा त्याचा अर्थ होतो, आणि अशा माणसाला आमच्याकडे लोक हसतात. जिलच्या देशात माणसासमोर बिस्किट ठेवलं की ते त्याचंच असतं. तिने समोर ठेवणार का, एवढंच विचारलं. कोण खाणार हे विचारलं नाही. सेमिसीला माहीत होतं, आणि मलाही माहीत होतं.

मी का बोलले नाही? साठ पुडे बिस्किटांची मागणी माझ्याकडे होती, हे आहेच. पण नुसतं तेवढं असतं तर बरं झालं असतं. जिलला सांगितलं असतं तर ती थेट सरदाराच्या माणसांकडे गेली असती, या माणसाला रिंगणात खाऊ द्या म्हणून. सेमिसीची लाज चव्हाट्यावर आली असती, आणि ती माझ्या तोंडून. मी म्हटलं, घरून जेवून निघेल. त्यानेही तेच ठरवलं होतं.

शनिवारी सात वाजता त्याने सुई टोचली. ही गोष्ट मला त्याच्या बायकोने, कालिसीने, नंतर सांगितली. घरात तीन गावांचे पाहुणे उतरले होते, पहाटेपासून. केके तळून पाटीत काढले की पाटी बाहेर रिकामी होत होती. हे तळलेले पिठाचे गोळे एकटा माणूस सहज डझनभर उडवतो. यजमान शेवटी खातो. सेमिसी चहाची किटली घेऊन पाहुण्यांमधून फिरत होता.

"दोन गोळे तोंडात टाका आणि मग फिरा," कालिसी म्हणाली.

"इथे? सगळ्यांच्या देखत?"

"चुलीमागे या. मी आडोसा धरते."

"आडोसा कसला धरतेस? आज माझ्या मागे चाळीस डोळे आहेत."

तेवढ्यात सरदाराची गाडी तासभर आधीच आल्याचा निरोप आला. ती पाटी घेऊन मागे धावली. "अहो, घास खाऊन जा!" तो फाटकातून म्हणाला, "गोळ्या आहेत कमरेला." होत्या. आदल्या संध्याकाळी मीच दिल्या होत्या, दहा. मैदानापर्यंत पोचेतो दोन उरल्या.

त्या दोन गोळ्यांचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आम्ही बायका मैदानाच्या कडेला झाडाखाली बसलो होतो, रिंगणापासून वीस हातांवर. पुरुष मांड्या घालून बसत होते, सरदार अजून रिंगणात यायचा होता. अजून हलायला मुभा होती. सेमिसीने कमरेत हात घातला, गोळी काढली, कागद सोडवला. डावीकडे बसलेल्या म्हाताऱ्या मानकऱ्याने कागदाच्या आवाजाकडे मान वळवली. सेमिसीने गोळी त्याच्या हातावर ठेवली. उजवीकडच्याने ते पाहिलं. दुसरी त्याच्या हातावर. दोघं गालात गोळी फिरवत समोर बघायला लागले. सेमिसीने रिकामे कागद घडी करून कमरेत खोचले.

"बघितलंस?" माझ्या शेजारी वाइमोआना अभिमानाने म्हणाली. "बापासारखा आहे. हातात काही ठरत नाही."

सरदार आला. मग डुकरं मोजली, कोनफळांच्या पाट्या मोजल्या, त्यांची नावं पुकारली, आभार मानले, परत मोजली. ऊन चढलं. कुटण्याचा आवाज सुरू झाला आणि वाटे फिरले. सेमिसीसमोर खरंच सगळ्यांत मोठा ठेवला, केळीच्या पानावर, वर माझा पुडा आणि गोळ्यांची रास. त्याचा डावा हात मांडीवर थरथरत होता. पाठीवर सदरा असा चिकटला होता की जणू तो समुद्रातून आला असावा. बाकीच्यांचे सदरे कोरडे होते, हे मी मोजून पाहिलं.

वाइमोआनाची लेक लातई वाटा आणायला उठली. बावीस वर्षांची पोर, मामाची लाडकी. ती त्याच्या मागे गुडघ्यांवर बसली, पानाला हात घातला आणि थांबली. मानेवरून घाम ओघळताना तिला दिसला असणार. नंतर तिनेच सांगितलं, ती कुजबुजली, "मामा, एक गोळी घ्या ना. मी सांगते म्हणून घ्या. मी सांगू शकते."

आणि ती खरंच सांगू शकत होती. मामाला हुकूम करायचा हक्क भाचीला असतोच. तिने त्याच्या तोंडात बिस्किट कोंबलं असतं तर सरदारसुद्धा फार तर हसला असता.

सेमिसी ओठ न हलवता म्हणाला, "ने पोरी. लोक बघतायत."

लातईने आमच्याकडे पाहिलं. आईकडे. वाइमोआनाने हनुवटी वर केली. उचल आणि ये. लातईने उचललं.

पान आमच्यासमोर आलं, पुडा शिवणीवरून चिरला गेला, बायकांचे हात आत आले. कालिसी स्वयंपाकाच्या भट्टीकडून धावत आली होती, हातांना राख तशीच. नवऱ्याच्या बहिणीसमोर ती एरवी मान वर करत नसे. त्या दिवशी केली.

"आक्का, त्यांना घाम फुटलाय. सकाळपासून पोटात काही नाही. सुई टोचलीय. लातईला परत पाठवा, तिच्या हातून चालेल."

"ऊन आहे. घाम सगळ्यांना येतो."

"आक्का, तुमच्या पाया पडते."

"बावीस वर्षं मी त्या चुलत घराच्या बायकांमागे बसले," वाइमोआना आवाज न चढवता म्हणाली. "प्रत्येक मयताला. आज त्याचं नाव पुकारायला दहा मिनिटं राहिलीत. तुला दहा मिनिटं धीर धरवत नाही? भरल्या मैदानात त्याच्या तोंडात गोळ्या कोंबायच्या, आजारी म्हाताऱ्यासारख्या? मग सरदार असलं तोंड ठेवील का?"

कालिसीने माझ्याकडे पाहिलं. मी पुड्यातलं बिस्किट हातात धरून होते. मी म्हटलं, "दहाच मिनिटं आहेत, कालिसी."

दहा मिनिटांची पस्तीस झाली. शेवटी पुकारा झाला, "हा पेला हाउतावाला." ज्याचं नाव येतं त्याने टाळी वाजवून आपली जागा दाखवायची असते. टाळी आली नाही. पेला घेतलेली मुलगी मध्येच उभी राहिली. डावीकडच्या म्हाताऱ्याने सेमिसीला कोपराने ढोसलं, तेव्हा टाळी वाजली, ओली, एक हात दुसऱ्यावर नीट न बसलेली. तो पेला प्यायला. वाइमोआनाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि बायकांनी तिला मिठ्या मारल्या.

पुढे अर्धा तास काव्हा फिरला. सेमिसीची मान खाली गेली. शेजारच्याने त्याला खांद्याचा टेकू दिला. रिंगण उठलं तेव्हा चौघांनी त्याला सरदाराच्या पाहुणघराच्या ओसरीवर नेऊन निजवलं आणि अंगावर चांगली चटई घातली. काव्ह्याची झोप आमच्याकडे कुणी मोडत नाही, त्यात नव्या मानकऱ्याची. कालिसीला तोवर भट्टीवर परत पाठवलं होतं. आठशे तोंडं होती, आणि मानकऱ्याची बायको आता तीच. तिने दोनदा निरोप्या धाडला. दोनदा उत्तर आलं, झोपलेत. ओसरी पुरुषांची होती. मी लांबून पाहिलं. तोंड उघडं, घोरणं चाललेलं. काव्ह्याची झोप अशीच असते, असं मी स्वतःला सांगितलं आणि रिकामी खोकी उचलायला गेले.

तिसऱ्या तासाला लातई ओसरीवर गेली. तिला कोण अडवणार? तिने चटई काढली आणि किंचाळली. तोंडाला फेस, अंग झटके देत होतं. कुणी साखरेचं पाणी ओतलं, ते गालावरून बाहेर आलं.

जिल शेजारच्या बेटावर लसी टोचायला गेली होती. होडीने येईतो आणखी दीड तास गेला. तिने शिरेत साखर सोडली. झटके थांबले, पण डोळे उघडले ते आमच्या कुणाकडे न बघता.

रात्री विमान नसतं. सकाळची वाट बघत ती दवाखान्याच्या पायरीवर माझ्या शेजारी बसली.

"लेसिएली, त्याच्यासमोर खायला होतं ना?"

"होतं."

"बिस्किटं, गोळ्या? त्याने सांगितलं तसंच?"

"तसंच."

"मग खाल्लं कोणी?"

मी तिला सांगितलं. पान कसं उचलतात, कोण उचलतं, मग कुठे येतं. कुणाकुणाच्या हातात काय गेलं तेही सांगितलं, आमच्या सगळ्यांची नावं घेऊन. माझं शेवटी.

तिने वही उघडून ती खूण शोधली. मग म्हणाली, "तुला गुरुवारी हे माहीत होतं."

"तू विचारलं नाहीस," मी म्हटलं. माझं इंग्रजी त्या दिवशी फार स्वच्छ होतं.

राजधानीच्या इस्पितळातून सेमिसी दोन महिन्यांनी परत आला. चालतो. हात धरून नेलं तिथे बसतो. बोलत नाही, एक शब्द नाही, कालिसीचं नावसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला तासन् तास साखर मिळाली नाही, गेलं ते येणार नाही. नाव मात्र मरेपर्यंत त्याचं. ते आमच्याकडे काढून घेत नाहीत.

आता कुणाचं काय झालं ते. सरदाराला मानकरी मिळाला. तो उजवीकडे दुसऱ्या जागेवर मुका बसतो आणि मागून चुलत घरातला जावई बोलतो. सरदाराचं काही अडलेलं नाही. वाइमोआना मयतांना पुढच्या ओळीत बसते. त्या दिवशीची सगळ्यांत रुंद चटई आणि डुकराची पाठ तिच्याच घरी गेली. जिलवर चौकशी बसली, वहीतली खूण तिच्याच हातची होती. ती मुदतीआधी मायदेशी गेली. लातई न्यूझीलंडला फळं तोडायला गेली आहे, पत्रात मामाचं विचारत नाही. माझे साठच्या साठ पुडे गेले, एकही परत आला नाही. सेमिसीला जे मिळायचं होतं ते सगळं मिळालं, नारळींची पट्टीसुद्धा.

किंमत भरली ती कालिसीने. दर दोन तासांनी त्याला भरवावं लागतं, हनुवटी धरून, गिळलं की नाही ते बघत, म्हणून ती चर्चला जात नाही आणि चटया विणायला बायकांत बसत नाही. मुलगा ऑकलंडला असतो, त्याला गेल्या वर्षी पहिली मुलगी झाली. त्याने आईला तिकीट पाठवलं होतं. तिने ते माझ्याच हातून परत पाठवलं, कारण पत्ता इंग्रजीत लिहायचा होता. नात आता चालायला लागली आहे.